आत वारा नसतो

वाऱ्यातलं आपल्याला कळतं, असा आमच्या आण्णांचा ठाम समज होता. या एका गोष्टीवरून मी त्यांच्याशी जितकी भांडले असेन तितकी लग्न, नोकरी, पगार कशावरूनच भांडले नाही. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात ते माथाडी होते. वर्षानुवर्षं गोणी वाहून मान कायमची पुढे आलेली, पण घराबाहेर पाऊल टाकलं की ती मान कशीबशी वर करून आभाळ बघायचंच. "पच्छिमेचा हाय. दुपारच्याला भरून येतंय बघ." दुपारी लख्ख ऊन. विचारलं तर म्हणायचे, "वरनं गेला." आता वरनं गेला म्हणजे काय, कपाळ? वारा काय एस.टी. आहे, थांबा न घेता गेला म्हणायला?

मीही काही कमी नव्हते. नुकतंच बी.एड. झालेलं, वाशीच्या एका मराठी शाळेत नववीला भूगोल शिकवायला लागलेले. नवी नवी मास्तरीण. घरातसुद्धा हातात खडू असल्यासारखी बोलायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "झाली यांची शाळा सुरू."

आम्ही कोपरखैरण्याच्या गावठाणात भाड्याने राहत होतो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली घरमालकीण. ती मूळची तिथलीच, आगरी, नवरा गेलेला, जमीन गेलेली, आणि त्या बदल्यात मिळालेल्या पैशात बांधलेली ही चाळ. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिच्याकडे फोन होता, आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे तिचाच नंबर होता. आमचा फोन आला की ती जिन्यात येऊन अशी हाक मारायची की अख्ख्या आळीला कळायचं, सातारकरांना फोन आलाय.

तर वारा. त्या सुमाराला मुलांनी केबलवर टॉर्नेडोचा कुठलातरी इंग्रजी पिक्चर पाहिला होता. गाई उडतायत, ट्रक उडतायत. वर्गात एकच गलका, "टीचर, आपल्याकडे टॉर्नेडो येतो का?" मी घरी येऊन ते कौतुकाने सांगितलं, तर आण्णा म्हणाले, "त्यात काय, आमच्या मळ्यात रोज यायचा. वावटळ."

"आण्णा, वावटळ वेगळी, टॉर्नेडो वेगळा, चक्रीवादळ वेगळं."

"गोल फिरतंय का न्हाई?"

"फिरतं."

"मग झालं की. वारं एकच. शिकल्याली मानसं नावं ठिवत्यात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना ताटासमोर बसवून समजावलं. वावटळ ही तापलेल्या जमिनीची. उन्हाळ्यात माती तापते, हवा वर उसळते, पाचोळा घेऊन गिरक्या मारत जाते आणि दोन-चार मिनिटांत मरते. टॉर्नेडो ढगातून खाली उतरतो, सोंडेसारखा. त्याच्या वाटेत घर आलं तर पायासकट उपटेल, पण शेजारच्या गल्लीत दोरीवरचे कपडे तसेच राहतील. तोही तासाभरात संपतो. चक्रीवादळ मात्र समुद्राचं. गरम पाण्यावर जन्मतं, शेकडो मैल पसरतं, दिवसच्या दिवस जगतं, आणि जमिनीवर आलं की खायला पाणी मिळत नाही म्हणून हळूहळू मरतं. अमेरिकेत त्यालाच हरिकेन म्हणतात. सारखेपणा एवढाच की सगळी गोल फिरतात आणि सगळ्यांच्या मध्ये हवेचा दाब कमी असतो.

आण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि म्हणाले, "मधी काय असतंय ते मला नको सांगूस. मी आत जाऊन आलोय."

ही त्यांची आवडती गोष्ट. चैत्र-वैशाखात मोकळ्या रानात वावटळ उठली की बाकीची पोरं तिच्यात भूत असतं म्हणून चप्पल फेकून पळायची आणि आण्णा उलटे तिच्यात घुसायचे. डोळे मिटून, तोंडात माती. "एकदा आत शिरलं की वाराच न्हाई बघ. समदं भवतीनं फिरतंय, पालापाचोळा, धूळ, आन आपन मधी निवांत. आत वारा नसतो." आई म्हणायची, "तवाच डोस्क्यात माती गेली ती अजून निघंना."

त्या गोष्टीला जोडून दुसरी गोष्ट यायचीच, पत्र्यांची. एका वर्षी वावटळीने आजोबांच्या गोठ्याचे पत्रे उडवले. आजोबा म्हणाले, सकाळी बघू. सकाळपर्यंत चुलत्याने त्यातले चांगले पत्रे उचलून आपल्या छपरावर चढवले होते, वर म्हणे, वाऱ्याने आणून दिले. त्यावरून भाऊबंदकी जी पेटली ती आजोबा जाईपर्यंत. त्यामुळे आमच्या घराण्याचा एक नियम झाला. वावटळ गेली रे गेली की बाकी सगळं सोडून आधी बाहेर पळायचं आणि आपले पत्रे गोळा करायचे. मी लहानपणी गावाला हे स्वतः पाहिलंय. वारा जरा पडला की घराघरातून माणसं अशी बाहेर धावायची की बघणाऱ्याला वाटावं, लग्नाची पंगत उठली.

मी आण्णांशी वाद घालायचे. आई त्यांना टोमणे मारायची. त्या घरात आण्णांचं निमूट ऐकणारा एकच माणूस होता, माझा धाकटा भाऊ. तो कसा होता, कसं सांगू तुम्हाला? तो बावळट नव्हता. मला एकदा म्हणाला होता, "ताई, त्यांचं मार्केटात कोण ऐकतं? घरात तरी एकाने ऐकावं." मग आण्णा म्हणाले आयटीआय कर, त्याने केलं. आण्णा म्हणाले नावड्याच्या बाजूला कारखान्यात चिकट, तो चिकटला. तिथलं काम सुटल्यावर एका ठेकेदाराने त्याला सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर नेलं. एका लहानशा बंदरात मालाची गोदामं उभी राहत होती, तिथलं लोखंड, पत्रे, नटबोल्ट सांभाळायचं काम. जाताना आण्णांनी त्याला जे सांगितलं ते सगळ्या आळीने ऐकलं. "साईटवरचं सामान म्हंजी आपलं सामान. खिळा हरवला तर तुझा हरवला." तो म्हणाला, "हो आण्णा." पाया पडला आणि गेला. दर रविवारी फोन करायचा.

ते वर्ष नक्की कुठलं ते लिहीत नाही, नव्वदीचं दशक संपत आलं होतं एवढं पुरे. जूनचा पहिला पंधरवडा. टीव्हीवर बातम्यांत सांगत होते की अरबी समुद्रात चक्रीवादळ आहे आणि ते गुजरातकडे सरकतंय. मी आदल्या संध्याकाळी आईला म्हटलं, तो कळवेल काही असलं तर. आण्णा म्हणाले, "दोन घटकेचा खेळ असतोय." मी तेव्हा काही बोलले नाही, कारण माझ्या डोक्यात शाळेचं वेळापत्रक होतं आणि माणसाला वाटतं, वादळं बातम्यांतच असतात.

दुसऱ्या दिवशी शाळेत आम्हा शिक्षकांना कामाला बोलावलं होतं. मी सकाळचं उरकून लवकर सुटले. आमच्या इथे नुसता वारा होता, खाडीकडून येणारा, चिकट, ढगांना ढकलत नेणारा. बसमधून उतरले, आळीत शिरले, तर आण्णा मावशीच्या दारातून बाहेर येत होते. अंगात बनियन, चेहऱ्यावर असं हसू की मला वाटलं मला कुठलं स्थळ आलं.

"फोन व्हता त्याचा," म्हणाले. "ह्यो काय, आत्ता ठिवला. झ्याक हाय. रातभर लई वारा, पाऊस, म्हनला समदं थरथरत व्हतं. गोदामाचे पत्रे उडालं. पन गेली आता वावटळ."

"गेली म्हणजे?"

"थांबला वारा. म्हनला एकदम चिडीचूप. ऊनबी पडलंया म्हनं थोडं. पाखरं ऐकू येत्यात."

मी अजून पायरीवर होते. एक पाय वर, एक खाली.

"आण्णा, वारा हळूहळू कमी झाला का एकदम थांबला?"

"एकदम. बटन बंद केल्यावानी, म्हनला."

"मग तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"काय सांगनार? म्हटलं, लेका फोनवर काय बोलत बसलास? भाईर पड. पत्रे गोळा कर आदी, न्हाईतर लोकं नेत्यात. रानोमाळ झालं असत्याल."

"आणि तो काय म्हणाला?"

"काय म्हननार. हो आण्णा म्हनला."

मी पर्स तिथेच टाकली आणि मावशीच्या घरात घुसले. फोनला बारकं कुलूप होतं, बाहेरगावचा फोन लागू नये म्हणून. "मावशी, चावी द्या, चावी!" ती घाबरली. "अगो, चावी पोऱ्याकडं हाय. तो गेलाय वाशीला. काय झाला?" मी काही न सांगता पळत सुटले. नाक्यावर एसटीडी बूथ होता. तिथे एक माणूस गावाला फोन लावून म्हशीच्या औषधाचं बोलत होता. मी त्याच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. तो म्हणाला, "ओ बाई, डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं, "नाही. सरका."

ठेकेदाराच्या ऑफिसचा नंबर मला पाठ होता. फिरवला. "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं." परत फिरवला. "इस रूट की सभी लाइनें." परत. त्या बाईचा तो गोड, साखरेत घोळलेला आवाज. मी तिला काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहिता यायचं नाही. आता लागला होता ना, आत्ता दहा मिनिटांपूर्वी लागला होता, तिकडून इकडे येतो आणि इकडून तिकडे जात नाही, हा कुठला न्याय?

चक्रीवादळाच्या मधोमध जो भाग असतो त्याला डोळा म्हणतात. दहा-वीस मैलांचा, कधी जास्त. तिथे वारा नाही, पाऊस नाही, वर निळं आकाशसुद्धा दिसतं. वादळ पुढे सरकत असतं, त्यामुळे डोळा तुमच्या डोक्यावरून जायला अर्धा तास लागतो, फार तर तास. आणि मग वादळाची दुसरी बाजू येते. ती हळूहळू येत नाही. भिंतच येते, आणि वारा बरोबर उलट्या दिशेने. पहिल्या वाऱ्यात जे एका बाजूने खिळखिळं झालेलं असतं ते दुसरा वारा दुसऱ्या बाजूने ओढतो. हे मी फळ्यावर काढून दाखवायचे. निळ्या खडूने समुद्र, पांढऱ्याने ढग, मध्ये रिकामं वर्तुळ. मुलं विचारायची, टीचर, आत उभं राहिलं तर? मी म्हणायचे, आत उभं राहू नये.

आण्णा मागोमाग आले. तसेच, बनियनवर. धापा टाकत. "आगं काय झालं? कुनाला फोन? येड लागलं का तुला?"

"तो बाहेर पडला असेल, आण्णा! ते गेलेलं नाही! ते अजून तिथेच आहे!"

"काय अजून तिथंच हाय? वारा थांबलाय म्हनला तो."

"थांबलाय म्हणूनच!"

"तुझं काय तरी येगळंच. वारा थांबला म्हंजी गेला."

बूथवर चार माणसं जमली होती. मला त्यांना पुस्तकातलं काही सांगायला वेळ नव्हता. कमी दाब, परीघ, केंद्र, या शब्दांचं मी काय लोणचं घालू? मला फक्त आण्णांना कळायला हवं होतं, आणि ते आत्ता, या क्षणी, कारण त्यांच्या ओळखीचा एक माणूस मार्केटातून गुजरातेत माल पाठवायचा, त्याच्याकडून काही करता आलं तर. मी त्यांचे दोन्ही दंड धरले.

"आण्णा, तुम्ही लहानपणी वावटळीत शिरायचात. आत काय असायचं?"

ते नेहमीच्याच सवयीने बोलून गेले. "आत वारा नसतो."

आणि थांबले.

मी त्यांचा चेहरा बघत होते. गोणीखाली माणसाचा पाय निसटतो तेव्हा जसा होतो तसा झाला तो. मग म्हणाले, "येवढं मोठं असतंय आत?"

"हो."

"किती येळ?"

"अर्धा तास. तास."

त्यांनी बूथमधल्या घड्याळाकडे बघितलं. "लाव," म्हणाले. "लाव फोन. लाव."

मी लावत राहिले. मध्येच माझं मलाच वाटलं की आपण हे काय केलं, या माणसाच्या गळ्यात हे काय बांधलं, म्हणून मी उलटं बोलायला लागले. "आण्णा, तो कदाचित गेलाही नसेल. पाऊस होता, चिखल असेल, सगळे म्हणाले असतील थांब म्हणून. तो काय कुक्कुलं बाळ आहे का? त्याची त्याला अक्कल आहे."

आण्णा म्हणाले, "मी सांगितल्यावर?"

मी परत नंबर फिरवायला लागले.

मग आई आली, मावशी आली. मावशी एकच वाक्य बोलली, "वारा फिरून येतो गो, आमचे म्हातारे सांगाचे," आणि आईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती मागे सरकली. आण्णा मार्केटात धावले, त्या ओळखीच्या माणसाकडे, त्याच्या फोनवरून लावून बघायला. मी बूथवर. बूथवाल्या भाऊंनी बाकीच्यांना हाकलून दिलं आणि स्टूल दिलं. नंबर फिरवून फिरवून बोटाचं टोक सुजलं. कधीतरी दुपारी ती बाई बोलायचीसुद्धा बंद झाली. नंबर फिरवला की नुसती शांतता. बूथवाले म्हणाले, "मॅडम, तिकडे सगळं झोपलंय. आता नाय लागणार." मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत?" त्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही. चहा मागवला. मी तो प्यायलेही. लोक म्हणतात अशा वेळी घास उतरत नाही, पाणी उतरत नाही. माझ्या घशाखाली चहा उतरला, साखर जास्त होती हेसुद्धा कळलं, आणि मला स्वतःचा इतका राग आला की मी रडायला लागले.

पुढचे दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. टीव्हीवर पाणी, नुसतं पाणी, आणि मोडून पडलेले खांब. फोन बंद, रस्ते बंद. आईने देव पाण्यात ठेवले. आण्णा आणि मार्केटातले त्यांचे एक सोबती गुजरातेत जाणाऱ्या ट्रकमध्ये बसून गेले, जिथवर ट्रक जाईल तिथवर, आणि पुढे चालत. आम्ही दोघी घरात एकमेकींकडे न बघता वावरायचो. मावशी दोन्ही वेळचं जेवण आणून ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. जिन्यात पाय वाजला की आई उठून उभी राहायची. मी तर देवाला चक्क धमक्या देत होते. तू त्याला आणलं नाहीस तर बघ, असं म्हणायचे. काय बघ? मी त्याचं काय वाकडं करणार होते?

आण्णा परत आले ते एकटे. सोबत्याने त्यांना धरून जिना चढवला. भाऊ सापडला होता, खारवटात, खाऱ्या पाण्याच्या चिखलात, गोदामापासून बराच लांब. तिकडेच सगळं केलं. आण्णांनी आईला एवढंच सांगितलं, "पानी आलं व्हतं. समुद्राचं. घरात व्हते तेबी गेले, भाईर व्हते तेबी गेले." आई ओरडली, ते ओरडणं मी लिहू शकत नाही.

पण त्या शब्दांना मी धरलं. घरात होते तेही गेले. हे खरंच होतं, वादळाबरोबर समुद्र आत आला होता. मग तो बाहेर पडला काय, न पडला काय? कदाचित फोन ठेवल्यावर त्याला कोणीतरी चहाला बोलावलं असेल. कदाचित तो अंथरुणावर पडला असेल, रात्रभर जागा होता बिचारा. कोण सांगणार? कोणी नाही. मी आण्णांना दिवसातून दोनदा तरी काही ना काही निमित्ताने ऐकवायचे, की पाण्यापुढे कोणाचं काही चालत नाही, आत असो की बाहेर. ते मान हलवायचे. हळूहळू मला वाटायला लागलं की त्यांना ते पटलंय. जेवायला लागले. मार्केटात जायला लागले. फक्त आभाळाकडे बघायचे नाहीत. मीही त्या वर्षी वर्गात तो धडा गाळला. मुलांना म्हटलं, परीक्षेला येत नाही. चक्क खोटं, दर वर्षी येतो.

दसऱ्यानंतर एका रविवारी दुपारी एक मुलगा घर शोधत आला. सांगलीकडचा, भावाबरोबर साईटवर काम करणारा. गावाला निघाला होता, वाटेत वाशीला उतरला. आम्ही त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण भाऊ फोनवर त्याच्याबद्दल बोलायचा, याला मटण छान करता येतं म्हणून. वादळात त्याचा हात मोडला होता, तो अजून नीट वळत नव्हता. आईने त्याला बघून पदर तोंडाला लावला आणि भात टाकायला आत गेली. आण्णांनी त्याला शेजारी बसवलं. पाठीवरून हात फिरवला.

तो चांगला मुलगा होता. त्याला आम्हाला काहीतरी चांगलं द्यायचं होतं, आणि त्याच्याकडे देण्यासारखं एवढंच होतं.

"काका, तुमचं लई नाव घ्यायचा तो," म्हणाला. "त्या दिवशीबी. वारा थांबला तवा आम्ही समदे ऑफिसच्या खोलीत. तिथला म्हातारा सैपाकी म्हणाला, कोणी बाहेर जायचं नाही, अजून यायचंय. आम्ही बसून राहिलो. ह्याचा तुम्हाला फोन झाला, आन हा निघाला. मी म्हटलं, अरे येडा हाईस का, तो सैपाकी म्हातारा काय म्हणतोय ऐक की."

मला पुढचं सगळं दिसलं. मी उठले, म्हटलं, "पाणी देऊ का तुला? हात कसा आहे आता? डॉक्टर काय म्हणाले?" आण्णांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. मी परत खाली बसले.

"मग?" आण्णा म्हणाले.

"मग काय काका, हसला. म्हणाला, आत्ताच आण्णांशी बोललोय. त्यांना वाऱ्यातलं कळतं." त्या मुलाचे डोळे भरले. "असा विश्वास होता बघा तुमच्यावर. असा पोरगा मी बघितला न्हाई. वारा परत आला तवा लांब व्हता, गोदामाच्या पलीकडं. पत्रे एकावर एक रचून दोरी बांधत व्हता. आम्ही लई हाका मारल्या. पाणी नंतर आलं. ऑफिसच्या छपरावर चढून आम्ही वाचलो, समदे."

समदे. खोलीतले सगळे वाचले होते.

आई ताट घेऊन दारात उभी होती. कधीपासून उभी होती मला माहीत नाही. तिने ताट त्या मुलासमोर ठेवलं, आणि आण्णांच्या बाजूला भिंतीला टेकून खाली बसली. तो मुलगा आमच्या तोंडांकडे बघत होता, त्याला कळेना आपलं काय चुकलं.

आण्णा मला म्हणाले, "सांग त्याला."

"काय सांगू, आण्णा?"

"आत काय असतंय ते. वर्गात सांगतीस तसं सांग."

"आण्णा, नको."

"सांग म्हनतो न्हवं!"

मी सांगितलं. वादळ कसं फिरतं, मध्ये डोळा कसा असतो, तिथे ऊन का पडतं, आणि मग उलट्या बाजूने वारा कसा येतो. माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्या बाईचा वाटत होता. त्या मुलाचा हात भातात होता तो तिथेच राहिला. आपण या घरात येऊन काय बोललो ते त्याच्या आत्ता लक्षात येत होतं. तो रडायला लागला, "काका, मला म्हाईत न्हवतं, आईशप्पत," म्हणायला लागला.

"तुला कुठनं म्हाईत असनार?" आण्णा म्हणाले. "मलाबी न्हवतं. मी म्हटलं त्याला, भाईर पड. मीच म्हटलं." त्यांनी त्याचं ताट त्याच्यापुढे नीट सरकवलं. "आता तू साईटवर परत गेलास की समद्यांना सांग. वारा एकदम थांबला तर कुनी भाईर पडायचं न्हाई. सातारा, सांगली, आपल्याकडची जी पोरं असत्याल त्यांना तर बसवून सांग. आपल्याकडं ठाऊक नसतंय."

तो मुलगा म्हणाला, "हो काका."